उभ्या गाडीचं पेट्रोल

“हॅलो?… हो ताई, बोला… नाही, झोपले नव्हते. आत्ताच टेकले होते… नाही हो, त्रास कसला त्यात.”

तिने फोन खांद्याने कानाशी दाबला आणि पायांवरची चादर बाजूला केली. सकाळपासून घरोघर फिरून तिने लोकांचे आखडलेले गुडघे आणि खांदे वाकवले होते. फिजिओथेरपिस्टचं काम म्हणजे दुसऱ्याचं अंग मोकळं करता करता आपलं धरायचं. दुपारची ही एवढी झोप तिच्या हक्काची, आणि थोरल्या नणंदेला आठवण व्हायची ती नेमकी तेव्हाच.

“गाडीचं?… काही फरक नाही. अ‍ॅव्हरेज अकराच्या वर जातच नाही… अहो, मोजते ना मी. टाकी फुल करते, किलोमीटरचा आकडा शून्यावर आणते, पुन्हा भरताना भागाकार. चौथीतलाच भागाकार आहे ताई, येतो मला… नाही, चिडले नाही… हो, भावजी म्हणाले होते अठरा देईल. त्यांच्या मित्राला देत होती म्हणे… मी कुठे म्हणतेय फसवलं? मी एवढंच… ऐका ना… ताई, ऐका ना जरा.”

गाडी नणंदेच्या यजमानांनी पारखून दिली होती. एकाच माणसाने वापरलेली, अंगावर ओरखडा नाही, आतल्या सीटसुद्धा नव्यासारख्या. त्यामुळे पेट्रोलविषयी हिने चकार शब्द काढला की तो तिकडे जाऊन थेट भावजींच्या नाकाला झोंबायचा.

“एसी? सकाळी कोण लावतंय एसी… नाही ठेवत क्लचवर पाय… मेकॅनिकला दाखवली की. एकाला सोडून दोघांना. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, चाकं हाताने फिरवून बघितली, ब्रेक कुठे धरत नाहीत… हवा बरोबर आहे. टाकी गळत नाही. झाकणाला कुलूप आहे, चोरणार कोण… भावजींना म्हणावं, मी सावकाशच चालवते. पेशंटकडे जाताना कसली आलीय शर्यत.”

पलीकडून नणंद बोलतच होती. सांगावं की न सांगावं, कालपासून हिच्या मनात हेच घोळत होतं. सांगितलं तर वाईट आपण, नाही सांगितलं तर उद्या काही झाल्यावर वाईट आपणच.

“ताई, गाडीत दोष नाहीये… नाही, माझ्या चालवण्यातही नाही… सांगते ना. बोलू द्याल का?… काल दुपारी मला झोप लागेना. व्यायामाचे रबरी पट्टे डिकीत राहिले होते, ते आणायला खाली गेले. तर गाडी चालू… चालू म्हणजे जागेवरच. उभी. इंजिन चालू, एसी चालू, आणि स्टिअरिंगवर बाबा… तुमचेच बाबा, आणखी कोणाचे?… नाही, कुठे निघाले नव्हते. बसले होते नुसते. भांग पाडलेला, शर्ट खोचलेला. मी म्हटलं, बाबा, हे काय? तर म्हणाले, शाळा सुटायची वेळ झाली, मुलं यायच्या आत गाडी गार करून ठेवतोय… ऐकताय ना?”

फोन कटला की काय, म्हणून तिने पडद्याकडे पाहिलं.

“थट्टा नव्हती ती… मलाही आधी तसंच वाटलं. मग वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, रोजच बसतात की, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे… मी झोपले की किल्ली घेऊन उतरतात, आणि मी उठायच्या आत वर. तासभर, कधी त्याहून जास्त. किलोमीटर वाढत नाहीत आणि पेट्रोल जळतं. मग कुठून यायचं अ‍ॅव्हरेज.”

सासऱ्यांनी उभी हयात शाळेची बस चालवली होती. कोणतं पोर कुठल्या वळणाला झोपतं, कोण घरी जायला कुरकुरतं, सगळं त्यांना तोंडपाठ. डोळे अधू व्हायला लागल्यावर त्यांनी कोणी सांगायच्या आत स्वतःच लायसन्स कपाटात ठेवलं होतं. गाडी घरी आली त्या दिवशी ते तिच्याभोवती फिरले होते, टपावर हात ठेवून हसले होते. म्हातारा किती दिवसांनी हसला, म्हणून सगळ्यांनाच बरं वाटलं होतं.

“वय झालंय हे मलाही कळतं ताई. पण वयाचं विसरणं वेगळं… तुम्ही येता तेव्हा ते नीटच असतात. तेवढा वेळ नीट राहायला त्यांना किती जड जातं, ते तुमची पाठ वळल्यावर मी बघते… मी वेडं म्हणतेय का त्यांना? डॉक्टरांना दाखवू या, एवढंच म्हणतेय. मी मागेही म्हणाले होते, तेव्हा तुम्हीच… बरं. राहू दे ते.”

तिने कपाळ चोळलं.

“ह्यांना काय सांगू? ते तिकडे बोटीवर. ऐकून भर समुद्रात करणार काय, नुसता जिवाला घोर… तुमच्याशिवाय आहे कोण मला सांगायला… किल्ली काढून घेतली ना काल. रात्री जेवले नाहीत. मला म्हणाले, उद्या मुलं उन्हात उभी राहतील, त्याला जबाबदार तुम्ही… ‘तुम्ही’ म्हणाले, ताई. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मला ‘अगं पोरी’ म्हणणारा माणूस.”

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आज? आज लपवलीय, फ्रीजच्या मागे… नाही, थांबा.”

आज सकाळची शेवटची पेशंट तिच्यावरच वैतागली होती. तिथून ती परत आली ती अर्धी पेंगतच. दार उघडलं, चप्पल काढली, आणि किल्ली… ती उठून बाहेरच्या खोलीत आली. दाराजवळचा खिळा मोकळा होता.

“ताई, फोन ठेवू नका… किल्ली नाहीये… मीच हो. सवयीने खिळ्यालाच अडकवली… बाबा? बाबा?… खोलीत नाहीत. बूटही नाहीत… उतरतेय. लिफ्ट येईना, जिन्यानेच… नाही नेणार कुठे… मला काय माहीत ताई, नाही नेणार असंच म्हणायचं.”

शेवटच्या पायरीवर तिचा तोल गेला. कठडा धरून ती वळली आणि खांबापलीकडे तिला गाडीचं नाक दिसलं. जागेवरच होती. इंजिनाची घरघर चालू होती.

“आहेत… इथेच आहेत. गाडी हलवली नाही… दम खाऊ द्या मला.”

काच वर होती. बाबा ताठ बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. तिने मागचं दार उघडलं आणि आत बसली. आत छान गार होतं. बाबांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं, ओळखीचं हसू नव्हतं, पण रागही नव्हता.

“ताई, तुम्हीच बोला त्यांच्याशी… समजावू नका काही. नुसतं बोला… बाबा, फोन आहे. ताईंचा.”

बाबांनी फोन घेतला, लांब धरून पाहिला, मग कानाला लावला.

“हां, बोला बाई… माझी मुलगी? हो, आहे की. ह्याच गाडीला असते. माझ्या मागच्या सीटवर, खिडकीशी… नाही, आता नाही रडत. पहिले काही दिवस रडली… वळणावर मळमळतं तिला, म्हणून मी हळू घेतो. बाकीची पोरं ओरडतात, काका, पळवा. मी नाही पळवत… बाई, आवाज येत नाही तुमचा… काळजी करू नका. सगळ्यांना सोडून झालं की आम्ही दोघं घरी येतो.”

त्यांनी फोन मागे दिला. “कोणी बाई आहेत. चौकशी करत होत्या,” म्हणाले.

“ताई?… आहात ना?… हं… हं… नका बोलू काही. रडून घ्या… तुमचं काही चुकलं नाही. रोज बघणाऱ्या मलाही इतकं झालंय हे कुठे कळलं… आत्ता निघताय? या. भावजींनाही आणा… डॉक्टरांचं उद्या बघू, दोघी मिळून नेऊ त्यांना… इंजिन? नाही, लगेच नाही बंद करत. बसू दे त्यांना थोडा वेळ. मी आहे इथे… हो. ठेवते.”

तिने फोन मांडीवर उपडा ठेवला. समोर मोकळी फरसबंदी होती, ऊन होतं, कोणी येत नव्हतं. बाबा थोडा वेळ वाट पाहत राहिले, मग आरसा जरासा खाली करून म्हणाले, “दार नीट लागलं का बघा.”

तिने दार उघडलं, जोरात ओढून पुन्हा लावलं.

“लागलं, काका,” ती म्हणाली.