चतुराबाईचं मत, भाग १४७

जबाब
दिनांक २३/०८/२०२५, वेळ दुपारी १२.१० वा.

मी जळबा सटवाजी पाईकराव, वय ६४ वर्षे, व्यवसाय सेवानिवृत्त (पंचायत समितीत कनिष्ठ सहायक होतो), रा. डोंगरकडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली. आज रोजी कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या पायाने ठाण्यात येऊन समक्ष सांगतो की,

मी वरील पत्त्यावर एकटाच राहतो. पत्नी नामे चतुराबाई, वय ५७ वर्षे, ही गावात अंगणवाडी सेविका होती. ती दि. १२/०२/२०२५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन नांदेड येथे दवाखान्यात मयत झाली. तिच्या मरणाबाबत माझी कोणावरही तक्रार नाही. मुलगी पल्लवी नांदेड येथे परिचारिका आहे. ती सणावाराला येते.

मी गावच्या तंटामुक्त समितीवर अकरा वर्षांपासून आहे. बांधाचे, पाण्याचे, भाऊबंदकीचे तंटे पोलिसांपर्यंत जाऊ न देता गावातच मिटवणे हे समितीचे काम. मी आजवर दोनशेच्या वर तंटे मिटवले आहेत. नवरा-बायकोच्या भांडणात तर माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही, असे लोक म्हणत असत. ही माहिती येथे देण्याचे कारण पुढे येईल.

मयत चतुराबाई हिला मोबाईलचा नाद होता. नाद हा शब्द माझा आहे. मी चारचौघांत तसे म्हणत असे, म्हणून येथेही तसाच लिहावा. दि. १०/०५/२०२३ पासून ती 'बोलघर' नावाच्या ॲपवर रोज सकाळी तीन-चार मिनिटे बोलत असे. त्या ॲपवर कोणीही आपला आवाज टाकावा आणि कोणीही ऐकावा, अशी सोय आहे. पल्लवीने तिला ते लावून दिले आणि सुरुवातीला वाजणारा बासरीचा तुकडाही कुठूनतरी जोडून दिला. कार्यक्रमाचे नाव 'चतुराबाईचं मत'. मोबाईलची कोणती नवी बातमी आली, ऑनलाइन कामाला काय तकलीफ होते, कोणती मालिका बघावी, कोणती बघू नये, यावर ती आपले मत द्यायची. असे एकूण सहाशे बारा भाग झाले. त्यातला एकही भाग मी ती हयात असताना ऐकला नाही.

चतुराबाईच्या मरणानंतर केलेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी शेजारच्या अंगणवाडीच्या सेविका ज्योती मला म्हणाल्या, "काका, मावशीचं ते रोबोटवालं ऐकलं का? आमी मीटिंगमधी लावलं होतं, हसून हसून पोट दुखलं." मी म्हटले ऐकले आहे. हे मी खोटे बोललो. त्यानंतर दि. ०१/०३/२०२५ रोजी चतुराबाईचा मोबाईल कपाटातून काढून मी भाग पहिला लावला.

ते रोबोटवाले सांगतो. भाग तेविसावा. "फॉर्म भरून राहिले तर म्हणतंय, तुमी रोबोट न्हाई हे सिद्ध करा. समोर नऊ चौकोन. यातले सिग्नल दाखवा म्हणं. डोंगरकड्यात सिग्नल कुठून आणू बाई? म्या माणूस हाय हे सिद्ध कराया मला नांदेडला जावं लागंल." मशीन आता बातम्या वाचणार, अशी बातमी आली तेव्हा ती म्हणाली, "वाचू द्या की. आमच्या घरचं माणूस रोज टीव्हीतल्या बातमीवालीला उत्तर देऊन राहिलं. तिला काई ऐकू येत न्हाई. मशीनला तरी येईल." चेहरा ओळखून हजेरी घेणाऱ्या ॲपबद्दल तिचे मत असे होते की, "लेकरू रडलं की मशीन वळखत न्हाई. आमी तर लेकरू रडण्यावरूनच वळखतो." एका मालिकेवर ती फार चिडली होती. आठ भाग बघायला लावले आणि खुनी कोण ते पुढच्या वर्षी सांगू म्हणाले. "काहून? तवर आमी जित्ते राहू, याची गॅरंटी तुमी घेता का?"

ही मते मला पाठ आहेत. बाई एवढी बोलते हे मला माहीत होते, पण एवढी चांगली बोलते हे माहीत नव्हते. काही भागांत मधूनच माझाही आवाज येतो. "चहा टाकला का?" किंवा "किती येळ?" एवढेच. माझा आवाज आला की ती थांबते, "व्हय, आले," म्हणते आणि मग राहिलेले वाक्य पुरे करते.

मी नेम केला होता की दिवसाला एकच भाग ऐकायचा, सकाळी चहा झाल्यावर. राखून खाल्ले की पुरते, असा हिशोब होता. सहाशे बारा भाग म्हणजे पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत घरात कोणीतरी बोलत राहणार होते. पल्लवी म्हणाली, "बाबा, एका बैठकीत दहा ऐका की, कोण अडवतंय?" मी ऐकले नाही. माझा स्वभाव हट्टी आहे.

दि. २४/०७/२०२५ रोजी मी भाग १४६ ऐकला. आपण कुठे आहोत हे मोबाईलवरून घरच्यांना दिसते, या सोयीबद्दल तो होता. तिचे मत असे की, माणूस कुठे आहे ते कळून उपयोग नाही, कसा आहे ते कळायला पाहिजे. मग शेवटी म्हणाली, "आज थांबते, गॅसवर दूध हाय. उद्या आमच्या घरच्या माणसाबद्दल एक गोष्ट सांगायची हाय. त्यायला म्हाईत न्हाई." असे म्हणून ती हसली आणि भाग संपला. पुढचा भाग त्याच वेळी लावायला माझा हात गेला होता. पण नेम मोडायचा नाही, म्हणून मी मोबाईल ठेवून दिला. त्या दिवशी मला जेवण बराबर गेले नाही. आनंद झाला होता, असे लिहिले तरी चालेल.

दि. २५/०७/२०२५ रोजी सकाळी ७.३० च्या सुमारास चहा घेऊन मी मोबाईल उघडला असता त्यावर सूचना आली होती. सूचना मराठीत होती. 'आपल्या कार्यक्रमाविरुद्ध तक्रार प्राप्त झाली आहे.' सुरुवातीची बासरी कुठल्यातरी कंपनीच्या मालकीची होती आणि त्या कंपनीने हरकत घेतली होती. खाली दोन बटणे होती. एक 'उत्तर द्या' आणि दुसरे 'मिटवा'.

मयत बायकोच्या नावाने तक्रार आलेली बघून मला वाईट वाटले. चार सेकंदांच्या बासरीवरून उत्तर-प्रत्युत्तर करत बसण्यात अर्थ नव्हता. अकरा वर्षे मी लोकांना हेच सांगत आलो की, बाबांनो, उत्तर देत बसू नका, मिटवा. म्हणून मी 'मिटवा' दाबले. त्यावर 'नक्की मिटवायचे? नंतर माघार घेता येणार नाही' असे आले. आमच्या समितीतही दोन्ही पक्षांकडून असेच लिहून घेतात, म्हणून मला ते रास्त वाटले. मी 'होय' दाबले. 'मिटवले' असे आले. मी बिस्किट संपवले. मग भाग १४७ लावायला गेलो तर तिथे 'येथे काहीही नाही' असे लिहिलेले होते.

मी फोन केल्यावरून ज्योती धावत आल्या. त्यांनी मोबाईल बघितला आणि म्हणाल्या, "काका, मिटवा म्हंजी पुसून टाका. ते भांडणाचं मिटवा न्हाई." मी त्यांना म्हटले, "मंग तसं लिव्हायचं व्हतं की. मराठीत दोन शब्द हायेत." मराठी मी चौतीस वर्षे सरकारी कागदावर लिहिली आहे. माझी चूक कबूल करायला मला लाज नाही, पण हे बटण ज्याने लिहिले त्याच्या घरात कधी भांडण झाले नसावे.

त्यानंतर ॲपच्या मदत विभागाकडे विचारणा केली. तिथे माणूस नाही, मैना नावाचे मशीन आहे. 'आपल्या भावना मी समजू शकते,' असे ते म्हणते आणि शेवटी विचारते, 'आपली तक्रार मिटली का?' मी 'नाही' दाबले की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. असे मी एकोणीस वेळा केले. मग पल्लवीने ईमेल केला. उत्तर आले की, पुसलेले रेकॉर्डिंग तीस दिवस कंपनीकडे राहते, पण ते परत हवे असल्यास खातेदाराने स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून डोळ्यांची उघडझाप करून दाखवावी. खातेदार मयत आहे, असे कळवले. मृत्यूचा दाखला टाकला. 'कागद अस्पष्ट आहे,' असे उत्तर आले. हिंगोलीला जाऊन नवीन स्कॅन करून टाकला. त्यावर दि. २१/०८/२०२५ रोजी उत्तर आले की, अशा प्रकरणी पोलीस यंत्रणेचे पत्र असल्याशिवाय विचार होत नाही. म्हणून काल ठाण्यात आलो. पोळ्याचा बंदोबस्त असल्याने आज बोलावले.

हवालदार करुणा मॅडम यांनी सर्व ऐकून घेतले. त्या म्हणाल्या, "काका, यात गुन्हा कुठं हाय? गुन्हा न्हाई तर पत्र कशाच्या आधारावर देऊ?" त्यावर मी म्हटले की, माझ्यावर गुन्हा नोंदवा. एका बाईचे सहाशे बारा दिवसांचे बोलणे मी तिच्या परवानगीशिवाय पुसले. तिच्या वतीने फिर्यादी मीच आणि आरोपीही मीच. दोन्ही पक्ष हजर आहेत, दोघांना आरोप मान्य आहे. मॅडम म्हणाल्या, "असं कलम न्हाई काका." मी म्हटले, बघा, सापडेल. त्यांनी पुस्तक काढून खरोखर बघितले, हे मी नमूद करतो. सापडले नाही.

मॅडमनी माझ्या विनंतीवरून हा जबाब नोंदवण्याचे मान्य केले. जबाब हिंगोलीला सायबर शाखेकडे सोमवारी पाठवता येईल, असे त्या म्हणाल्या. आज शनिवार आहे. तीस दिवस उद्या, रविवारी भरतात. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितले, मॅडमनीही बघितले. तरीही जबाब घ्यावा, असे मी सांगितले.

भाग १४७ दुसऱ्या कोणी ऐकला आहे काय, असे विचारल्यावरून सांगतो की, मी गावात सगळ्यांना विचारले. तो भाग आला त्या आठवड्यात ज्योती प्रशिक्षणासाठी हिंगोलीला होत्या, त्यांचा तो राहून गेला. मीटिंगमध्ये लावलेले दोन-तीन भागच बाकीच्या सेविकांनी ऐकले होते. पल्लवीला फोनवर विचारले, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आई रोज टाकायची. निवांत ऐकीन म्हणून मी ठेवून दिले होते." तिने एकूण नऊ भाग ऐकले आहेत. ॲपवर प्रत्येक भागाखाली किती जणांनी ऐकला तो आकडा असायचा. चोवीस जुलैला मी बघितले तेव्हा भाग १४७ खाली एक होता. बराबर रेकॉर्ड झाले का हे बघायला चतुराबाई स्वतः एकदा ऐकून बघत असे. तो एक म्हणजे तीच, असे माझे म्हणणे आहे.

माझ्याबद्दलची ती गोष्ट काय असावी, असे विचारल्यावरून सांगतो की, मला अंदाज नाही. महिनाभर मी दुसरे काही केलेले नाही, हाच विचार केला. चांगली असेल असे सकाळी वाटते. संध्याकाळी तसे वाटत नाही. दोनशे घरांतल्या बायकांना मी समोर बसवून विचारले आहे की, बाई, तुझं नवऱ्याबद्दल काय म्हणणं हाय, न भिता सांग. घरातल्या बाईला छत्तीस वर्षांत एकदाही विचारले नाही.

त्या दिवशी मी कुठे होतो, असे विचारल्यावरून सांगतो. भाग १४७ ची तारीख ०३/१०/२०२३ होती. आदल्या दिवशी, दोन ऑक्टोबरला ग्रामसभा झाली. तिथे मी खूप बोललो आणि माझा घसा बसला. त्यामुळे तीन तारखेला मी दिवसभर घरीच होतो. चतुराबाई स्वयंपाकघरात बसून बोलत होती. मी पुढच्या खोलीत होतो. मधले दार उघडे होते. तिचे बोलणे सुरू झाले की मी टीव्हीचा आवाज वाढवत असे. त्या दिवशीही वाढवला.

याव्यतिरिक्त मला काही सांगायचे नाही.

वरील जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे संगणकावर घेतला. हवालदार मॅडमनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. मध्ये एकदाही न बोलता मी तो शेवटपर्यंत ऐकला. बरोबर आहे.

समक्ष,
(सही) करुणा, महिला पोलीस हवालदार

(सही) जळबा सटवाजी पाईकराव