लेहचं विमान

बहात्तरचा श्रावण कोरडाच चालला होता. उस्मानाबादच्या एसटी स्टँडवर अणदूरची गाडी अजून लागली नव्हती. माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारी आणि रजेवर आलेला एक फौजी बोलत बसले होते.

"लडाखात, लेहला असतोस व्हय? आमचा ल्योक कोंडीराम तिथंच हाय. तीनदा रजेवर येतो म्हनला, आला न्हाय. खोटंच लिव्हतोय. म्या उत्तर धाडायचं सोडलं."

"खोटं न्हाय, मावशी. विमानच उतरत न्हाय."

"का बरं?"

"दोन्हीकडनं उंच डोंगर, मधल्या फटीतनं खाली यायचं. ते बी सकाळीच. दुपारी वारं सुटलं की न्हाय जमत."

"मग सकाळीच उतरवा की."

"सकाळी ढग असत्यात. पायलटला डोंगर दिसला न्हाय तर तो वरनंच माघारी जातो. आमी खाली पेटी बांधून नुसता आवाज ऐकतो, आन परत पेटी सोडतो. मी आठ दिस तसाच बसलो व्हतो."

"लई ढग हायत तिथं?"

"यंदा लईच. तिथली म्हातारी मानसं म्हनत्यात, एवढे ढग कधी बघितले न्हाइत."

म्हातारीनं कपाळावर हात मारून घेतल्याचा आवाज मागून आला.

"काय झालं, मावशी?"

"गेले चार रविवार खंडोबाच्या पायरीवर डोकं टेकून म्या ढगच मागितलं."

"मग? मागायलाच पायजे."

"गावाचं नाव घ्यायचं ऱ्हायलं, बाबा."