न ढवळलेला पाक

आमच्या घरात एक नियम आहे: पाक गॅसवर असला की पळी थांबवायची नाही, आणि का ते विचारायचं नाही.

त्या वर्षी दुष्काळ होता, उस्मानपुऱ्यात पाणी टँकरचं. माझ्या भाचीनं तिच्या वाढदिवसाला लाल, काचेसारख्या पाकातली सफरचंदं मिळणार, असं सगळ्या पोरांना सांगून ठेवलेलं. पण कन्नडच्या आत्यानं पळी बळकावली. "पाडव्याच्या गाठी जन्मभर केल्यात मी, मला शिकवू नको." तिनं इतकं ढवळलं की पाकाची परत साखर झाली. पातेलं घासण्यात बादलीभर पाणी गेलं.

आई म्हणाली, "राहू दे आता. केक आहे ना."

मी उरलेली साखर चढवली.

"पळी दे इकडं," आत्या म्हणाली.

"नाय देणार. ढवळल्यानंच बिघडलं."

मी पाकाला हातच लावला नाही. त्यात बुडवलेली सफरचंदं अशी चकाकली, की पोरं कडाकडा फोडून खायला लागली.

तेवढ्यात आत्या शेजारच्या काकूंना सांगते, "आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या असाच करतात पाक."

मी म्हणाले, "नाही आत्या. पिढ्यान्‌पिढ्या ढवळतात. हा मी केलाय."