काळ्या दोऱ्याच्या सहा पिशव्या

मी, प्राणीगृहातली आजी, वय अंदाजे सत्तर (नक्की तारीख सांगायला आई उरली नाही), धंदा औषध संशोधन संस्थेत उंदरांचे पिंजरे धुणे, शिक्षण नाही, राहणार संस्थेमागील कामगार वसाहत, खोली नऊ. समक्ष हजर राहून सांगते की,

मी बावीस वर्षे या कामावर आहे. सध्या हाडांच्या दुखण्यावरच्या औषधाची तपासणी चालू आहे. औषध उंदराच्या शिरेत टोचतात. पिंजऱ्याखाली दोन बरण्या असतात, एकीत लघवी, दुसरीत लेंड्या. त्या मी गोळा करते. मोजणाऱ्या संशोधक सांगतात की निम्मं औषध पहिल्याच दिवशी लघवीतून बाहेर पडतं, लेंडीत नावाला, रक्तातून संध्याकाळपर्यंत गायब. उरलेलं हाडात जाऊन बसतं. घरजावयासारखं, निघायचं नाव नाही. सदर संशोधक माझी नात आहे. त्या नात्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

मोठ्या साहेबांचं म्हणणं, महिन्याभरात सगळं निघून जातं. नातीच्या वहीत सहा महिन्यांनंतरही हाडात जवळपास तेवढंच. म्हणून साहेबांनी हाडं पुन्हा मोजायला काढली.

हाडांच्या पिशव्या बांधून मी बर्फाच्या कपाटात ठेवते. चिठ्ठ्या दुसरे लावतात. मला वाचता येत नाही, म्हणून माझी खूण दोऱ्याची. औषध टोचलेल्याला काळा, न टोचलेल्याला पांढरा, आणि पिंजरा कितवा तितक्या गाठी. सोमवारी सकाळी अकराला साहेबांनी मोजायला सहा पिशव्या काढल्या. सहाही पांढऱ्या. काळ्या दोऱ्याच्या सहा माझ्या हातात दिल्या.

"आजी, या भट्टीत टाका."

"साहेब, अदलाबदल झाली. औषध यांना टोचलंय."

"चिठ्ठी वाचा की, आजी. अरे हो, विसरलोच."

सगळे हसले. मीही हसले.

पिशव्या मी भट्टीत टाकल्या नाहीत. बर्फाच्या पेटीत घालून घरी नेल्या. पांढऱ्या दोऱ्याच्या हाडांत औषध निघालं नाही. निघणार कुठून? मंगळवारी नातीला खोटे आकडे लिहिले म्हणून कामावरून काढलं. घरी येऊन ती काय बोलली ते लिहून घेण्यासारखं नाही. पिशव्यांचं तिला ठाऊक नव्हतं.

आज साहेबांनी माझ्यावर चोरीची तक्रार दिली. बरं झालं. आपणहून आले असते तर तुम्ही बाकावर बसवून ठेवलं असतं.

नातीने खोटं लिहिलं असतं तर मीच कान धरून आणली असती. हे औषध उद्या माणसांच्या हाडांत बसणार आहे, साहेबांच्या आईच्यासुद्धा. पेटी तुमच्या टेबलावर आहे. सील करून दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवा, आणि लवकर, बर्फ वितळतोय. त्यांत औषध निघालं नाही तर मला बेडी घाला. मनगट बारीक आहे, लहान मापाची शोधून ठेवा.

जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. एके ठिकाणी "चोरल्या" लिहिलं होतं, ते खोडून "नेल्या" करायला लावलं. आता माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. सही येत नाही, डाव्या अंगठ्याचा ठसा दिला आहे. कागद दोन आहेत. दोन्हींतून काळा दोरा ओवून मी दोन गाठी मारल्या आहेत.