डर्बनचा स्टीव्ह

न्हाय मामा, सई मी करत न्हाय. पैला ऐकून घ्या, मग कागद पुढं सारा. तुमच्या नागेंद्रला आता कंबोडियात इंग्लिश शिकवायला जायाचं हाय, तिथल्या शाळेला जुन्या जागेवरच्या माणसाचं पत्र पायजे, आणि व्हिएतनामात त्येच्यासंगं शिकवलेला ह्या अख्ख्या बेळगावात मी एकटा — समजलं मला. त्यासाठी तुमी खानापुराकडनं दोन बशी बदलून अनगोळात आलासा, तीन जिने चढलासा, हेबी समजलं. पण पोराला परत कशाला धाडतासा? एकदा हात भाजून आलाय तेवढं बस न्हाय? परदेशात मास्तर — गावात लई मोठं वाटत असंल. माझ्या ह्या क्लासच्या बोर्डावर बी लिवलंय की, फॉरेन रिटर्न. आमच्या वडगावात माझा सत्कार झालता — शाल, नारळ, फेटा. कशाबद्दल? केळं दाखवून 'बनाना' म्हटल्याबद्दल. समोर चार-चार वर्षांची पोरं, माझ्या हातात प्लॅस्टिकचं केळं, आणि काचेपल्याड त्यांच्या आया बसलेल्या, मास्तर नीट उड्या मारतोय का न्हाय बगत. एम.ए. झालतो मी, मामा. एम.ए. होऊन उड्या.

आणि नाव काय माझं तिथं? शिवराज? छे. स्टीव्ह. गाव डर्बन, दक्षिण आफ्रिका. तिथल्या आईबापांना इंडियाचा मास्तर नगं — इंग्लिश आपल्या घरची न्हाय म्हणं — म्हणून क्लासच्या मॅनेजरबाईनं पैल्याच दिवशी बजावलं, कुणी इचारलं तर असं सांगायचं. सांगितलं. डर्बन मी नकाशात बगून पाठ केलं. एका पोराचा आजा रोज इचारायचा, तुमच्याकडं सिंह किती, आणि मी रोज येगळा आकडा सांगायचो. तेवढीच करमणूक. दुसरी कटकट आवाजाची — आमच्या घरात चार पॉवरलूम, त्या खडखडाटात वाडलेला माणूस हळू कसा बोलणार? बाई म्हणायची, स्टीव्ह, तिकडचा माणूस एवढा वरडत न्हाय. हिनं तरी तिकडचा माणूस कवा बगितलता? न्हाय, सगळंच वाईट हुतं असं म्हणत न्हाय मी. नोव्हेंबरात तिकडं शिक्षकांचा दिवस असतोय, फुलांनी टेबल भरून जायाचं. इथं मला कुणी साधं पेन दिलं न्हाय. पण फुलांवर चिठ्ठी कुणाची? मिस्टर स्टीव्ह. म्हणजे माझी न्हवतीच ती. असो.

नागेंद्र आला माझ्यामागनं आठ म्हैन्यांनी. मीच बोलावलतो, खोटं कशाला सांगू — एकटा पडलो हुतो तिथं, बोलायला माणूस न्हवतं. बाईनं त्येला नाव दिलं 'नेट', तर ह्यो म्हणतोय माझं नाव नागेंद्र. कुठला म्हणून इचारलं की सुरू — इंडिया, बेळगाव, त्येच्या पुढं खानापूर, त्येच्या पुढं आमचं गाव. कुणी मागितलता एवढा पत्ता? बरं, शिकवायचा चांगला. चांगला म्हणजे — माझ्या वर्गातली पोरं त्येच्या वर्गात बसायला रडायची. म्हणून बाईनं ठेवून घेतला, पण मागच्या खोलीत, काच नसलेल्या. तिथं गप ऱ्हायाचं का न्हाय? एक दिवस सगळ्या आईबापांना क्लास बगायला बोलावलेलं, मी कोट घालून मधी हुबा, आणि ह्यो जिन्यावरनं, खानापूरच्या बाजारात हाक मारावी तसा — "शिवाण्णा, जेवलास काय?" आता ही काय वेळ झाली? आपल्याकडं वाटंत भेटल त्येला इचारतोय आपण, पण तिथं मी डर्बनचा हुतो न्हवं? सगळ्या माना वळल्या. तिसऱ्या दिवशी त्येला विमानात बसवला. आता असल्या माणसाला चांगलं पत्र कसं देऊ, तुमीच सांगा. सगळी चूक त्येची —

काय? मी त्येच्यासाठी भांडलो? कुणी सांगितलं? नागेंद्रनं? शिवाण्णा बाईसंगं भांडला पण बाईनं ऐकलं न्हाय, असं घरात सांगितलंन? खुळा हाय काय तो? मला वाटलं त्येनं सगळं सांगून तुमाला धाडलंय, माझी खोड मोडायला. मामा, कोण भांडलं न्हाय. बाईनं आमाला दोघांना त्या आईबापांच्या म्होरं हुबं केलं आणि मला इचारलं, ह्यो तुझ्या गावचा काय, काय बोलला? आमच्या आप्पांनी मराठी शाळेसाठी पोलिसांच्या काठ्या खाल्ल्यात, वडगावात कुणालाबी इचारा — आणि मी त्येंचा पोरगा, मी सांगितलं, "ही भाषा मला येत न्हाय. ह्या माणसाला मी वळखत न्हाय." वर आणि म्हटलं, ह्येचं इंग्लिश कच्चं हाय, पोरं बिघडतील. ते मला कुणी इचारलं बी न्हवतं. ते माझं मीच सांगितलं. आणि नागेंद्र शेजारी हुबा. एका खोलीत ऱ्हायाचो आमी, माझा पासपोर्ट त्येनं शंभरदा बगितलेला. एक शब्द बोलला असता तर माझा बी खेळ संपला असता. बोलला न्हाय. मान खाली घालून गेला. त्येच्यानंतर सात म्हैने मी स्टीव्ह हुतो, मग सरकारी तपासणी आली आणि आमी सगळे स्टीव्ह मागच्या दारानं पळालो. हौसेनं परत आलो न्हाय मी. लाज वाटती मला, मामा. त्येचं तोंड आठवलं की लाज वाटती, म्हणून त्येलाच शिव्या घालत बसतोय.

आणा तो कागद. सई करतो. माझ्यापेक्षा चांगला मास्तर हाय म्हणून लिवतो, हायच तो. घडी का घालतासा? पेन काढलंय की मी. उद्याच शेवटची तारीख म्हणालासा न्हवं? तिथलं वळखणारं दुसरं कोण हाय त्येला? राग माझ्यावर काढा, त्येच्या नोकरीवर कशाला? चपला घालू नगा, बसा की जरा. मामा — मारुतीमामा, बरं, ऱ्हाऊ द्या. पण मी हे सांगितलं ते त्येला सांगू नगा. एवढे दिवस झाकून ठेवलंय त्येनं.

काय बगत हुबं ऱ्हायलासा रं दारात? पाचची बॅच न्हवं तुमची? वाट सोडा त्येंना, जाऊ द्या. आणि आत येऊन बसा. पुस्तकं काढा म्हटलं न्हवं.