डेलियाची भिंत

—नाही हो बाई, तुम्ही आणलेला हा भिंतीचा कागद आमच्याच कारखान्यातला आहे, लांबूनसुद्धा ओळखला असता मी. जांभळ्यावर शेंदरी डेलिया, आणि पानं बघा, परातीएवढी — कुणाच्या बागेत असतात एवढी? तुम्ही उभ्या का? ती खुर्ची ओढा, फक्त त्या शर्टांना टेकू नका, अजून ओलसर आहेत. मी इस्त्री करत करतच बोलते, चालेल ना? ही रास आज द्यायची आहे, आणि पाय तर सकाळपासूनच बोलायला लागलेत.

तर आमचे मालक, बार्के साहेब. धंदा बड्या बायकांचे कपडे शिवायचा, पण एकोणीसशे अकरात त्यांच्या डोक्यात आलं की नुसती बाई सजवून काय उपयोग, तिची खोलीही सजवली पाहिजे. त्या वेळी पॅरिसातल्या बैठका कशा — सगळं फिकं, राखाडी, आजारी माणसाच्या तोंडासारखं. साहेबांना हवे होते भडक रंग. मग त्यांनी काय केलं? चित्रकार नाही बोलावले. आमच्या पांतँच्या वस्तीतल्या बारा-तेरा वर्षांच्या सात पोरी उचलल्या — मी आणि माझी धाकटी बहीण ओर्तांस त्यातच. सकाळी बागेत नाहीतर मासळीबाजारात न्यायचे, म्हणायचे, बघा आणि काढा. शिकवायला कुणी नाही, चूक दाखवायला कुणी नाही. शिकलात की बिघडलात, असं म्हणायचे ते. जिचं चित्र आवडेल तिच्या चित्राचा भिंतीचा कागद व्हायचा, गालिचा व्हायचा.

माझी चित्रं? असायची आपली, बरी. ओर्तांसची — ती ब्रश टेकवायची आणि साहेब तिच्या पाठीशी येऊन उभे राहायचे. माझ्या पाठीशी एकदाच उभे राहिले होते, खिडकी लावायला. हसा, हसा, मीही हसले होते तेव्हा.

पण पोरगी हावरट. शिकायची हावरट म्हणते मी. दर रविवारी चर्चच्या मागच्या खोलीत एक म्हातारे मास्तर शिकवायचे, छाया कशी द्यायची, लांबचं लहान कसं काढायचं — तिथं गुपचूप जायची. फक्त मला ठाऊक. ‘ताई, साहेबांना एकदम दाखवीन, खूश होतील.’ आणि त्याच महिन्यात एका नटीच्या जेवणघराच्या चारही भिंती करायच्या होत्या, त्यासाठी हे डेलिया निवडले गेले. तिचे. म्हणजे — हो, तिचेच. तुमच्या संग्रहालयाच्या यादीत माझं नाव आहे, माहीत आहे मला. उरलेला कोपरा तेवढा मी भरला, ती गेल्यावर.

गेली म्हणजे, घालवली. साहेबांना कुणीतरी सांगितलं तिच्या रविवारचं. कुणीतरी कशाला — मीच सांगितलं, जिन्यात, बोलता बोलता. थट्टेत तोंडून निघून गेलं, असं बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. थट्टा नव्हती ती. त्यांनी ओर्तांसला बोलावून समोर पाण्याची काचेची सुरई ठेवली, काढ म्हणाले. तिला वाटलं, आलीच आपली वेळ. अशी काढली, बाई — छाया, काठावरची चमक, उचलून पाणी ओतून घ्यावं अशी. साहेब खूप वेळ बघत राहिले. ‘छान काढलंस, पोरी,’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी टेबलापाशी तिची खुर्ची नव्हती.

मग लढाई आली, ती तोफगोळ्यांच्या कारखान्यात लागली. गोळ्यांत भरायची ती स्फोटक दारू हाताळून पोरींची कातडी पिवळी व्हायची, केससुद्धा. ‘ताई, साहेबांना आवडला असता हा रंग,’ म्हणायची. एकोणीसशे सतराच्या हिवाळ्यात इस्पितळात ठेवली, लिव्हर पार गेलं होतं. तिथं एकदा विचारलं तिनं, ‘साहेबांना कुणी सांगितलं असेल गं?’ मी चादर नीट करत होते. म्हटलं, आपल्याबरोबरच्या त्या मार्गोनं सांगितलं असेल, दुसरं कोण. तर म्हणाली, ‘भेटली तर सांग तिला, मी रागावले नाहीये.’ आणि माझ्याकडे बघत राहिली — मी चादर दुमडली, उलगडली, पुन्हा दुमडली, तरी बघतच —

काय विचारलंत? तिला ठाऊक होतं का?

...इस्त्री गार झाली. या आता तुम्ही, बाई. दार ओढून घ्या.