‘वाट न्हाय’ असा शेरा

(साखर कारखान्याचं शेती ऑफिस. टेबलावर लागणीचं रजिस्टर आणि प्रीतीचा लॅपटॉप.)

प्रीती: म्हणजे ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. कॉम्प्युटरनं ऊसतोडीचा नंबर लावताना एवढंच बघायचं ना, काका?

गणपतराव: एवढंच असतं तर एकतीस वर्षं मला कशाला ठेवलं असतं, मॅडम? रानाला वाट हाय का न्हाय, ते बघाय लागतंय. गाडीवाट नसंल तर म्होरचा ऊस तुटल्याबिगर ट्रॅक्टर म्हागच्या रानात जातोय व्हय?

प्रीती: थांबा, लिहिते. हेच हवंय मला. राजारामपुरीच्या ऑफिसात बसलेले आमचे प्रोग्रामर या कागदात आहे तेवढंच बनवणार.

गणपतराव: आन् न लिवल्यालं?

प्रीती: ते नाहीच असं धरणार. वाट नसलेली रानं किती?

गणपतराव: दोन. एक वड्याकाठच्या म्हातारीचं, दुसरं एकशेचौदा नंबर. विजयसिंहाचं.

प्रीती: या एकशेचौदाची लागण जुलैची. आणि तोड बारा वर्षं एप्रिलमध्येच?

गणपतराव: म्होरच्या रानाची लागण उशिराची असती.

प्रीती: तोवर ऊस वाळत असेल की.

गणपतराव: चिपाड हुतंय.

प्रीती: पण लॅपटॉपवरच्या नकाशात बांधाकडेनं वाट दिसतेय. ही बघा, ट्रॅक्टर जाईल एवढी.

गणपतराव: च्या सांगू का?

प्रीती: नको. काका, तुम्ही यावर सही केली की कॉम्प्युटर दरवर्षी आपोआप त्यांना शेवटी टाकणार. तुम्ही तर महिनाअखेर रिटायर. मग कोण बदलणार?

गणपतराव: म्हंजे मी मेल्यावर बी त्याचा ऊस वाळणार?

प्रीती: हो.

गणपतराव: म्होरचं रान माझं हाय, पोरी. विजयसिंह माझा धाकटा भाऊ. वाटणीच्या टायमाला चारचौघांत नको ते बोलला. तवापास्नं ‘वाट न्हाय’ म्हणून शेरा मारतोय मी.

प्रीती: बारा वर्षं?

गणपतराव: दर साली वाटायचं, त्यो येईल, ‘दादा’ म्हणंल, मग खोडू. त्यो बी माझाच भाऊ, आला न्हाय. आता तुझ्याम्होरं सांगताना लाज वाटाय लागलीया.

प्रीती: मग काय लिहू?

गणपतराव: खोड ते. वाट हाय.

प्रीती: दुसऱ्याच्या रानातनं वाट असेल तर त्याची संमती लागते. त्या रकान्यात कुणाचं नाव टाकू?

गणपतराव: माझं लिव. आन् म्होरं ‘थोरला भाऊ’ एवढं मावतंय का बघ.